‘बऱ्हाणपूर’ लिहिताना : कळ, पडदा आणि बोट



पत्रिकेत आजचा विषय ‘संगणकाचे नवे पडदे आणि हाताचे इशारे’ असा छापला आहे. तो वाचून साहित्याच्या व्यासपीठावर हे कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. माझ्यापुरते याचे उत्तर एका शब्दात आहे आणि तो शब्द म्हणजे आपल्या शहराचे नाव. आपण बहादरपुरातून बाजाराला, दवाखान्याला, कचेरीला ज्या गावी जातो त्याचे नाव हिंदीत ‘बुरहानपुर’ लिहितात. त्यात सहा सरळ अक्षरे आहेत, आणि कोणत्याही फोनवर ती बिनतक्रार उमटतात. मराठीत आपण ‘बऱ्हाणपूर’ लिहितो. त्यातला दुसऱ्या अक्षरातला र पाहा. तो डोक्यावर चढणारा रफार नाही आणि पायाशी बसणारा रकारही नाही. ओळीतच आडवा पडलेला असा हा अर्धा र आहे. हिंदीला त्याची गरज पडत नाही, संस्कृतलाही पडत नाही. मराठीला मात्र पावलोपावली पडते. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या खोल जागा. आचार्यांना बोलावले तर व्याख्यान होते, आचाऱ्यांना बोलावले तर जेवण होते. गेल्या दोनशे वर्षांत मराठी लिहिण्यासाठी जी जी यंत्रे आली, त्या प्रत्येकाला या एका अक्षराने अडवले आहे. त्याची कहाणी सांगता सांगता माणूस यंत्राशी हाताने कसा बोलू लागला हेही सांगून होईल.

नाव मुळात खुलताबादचे. दौलताबादेजवळच्या त्या गावी चिरनिद्रा घेत असलेल्या शेख बुऱ्हानुद्दीन गरीब या सुफी साधूच्या नावावरून फारुकी राजा नसीर खानाने तापीकाठच्या आपल्या नव्या शहराला नाव दिले. पुढे त्याच घराण्यातल्या राजा अली खानाने जामा मशीद बांधली. तिच्या आतल्या भिंतीवर अरबी लेखाबरोबर एक संस्कृत लेख आहे, नागरी लिपीतला. त्यात संवत् १६४६ आणि शके १५११, म्हणजे इसवी सन १५९०, अशी कालगणना दिली आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी तो पाहिला असेल, पण पुन्हा जाल तेव्हा मजकुराऐवजी छिन्नीकडे लक्ष द्या. अरबी ओळ उजवीकडून डावीकडे वाहते, नागरी ओळ डावीकडून उजवीकडे आणि शिवाय प्रत्येक अक्षराभोवती चारही बाजूंना. वेलांटी डावीकडे, काना उजवीकडे, मात्रा वर, उकार खाली. दगडावर हे जमले, कारण छिन्नी धरणाऱ्या हाताला चारही दिशा सारख्याच मोकळ्या असतात.

बहादरपूर त्या राजाचा मुलगा बहादूर खान याने वसवले. १६८१ च्या आरंभी संभाजी महाराजांच्या फौजेने बऱ्हाणपूरची पुरे लुटली, त्यांत बहादरपूरचे नाव ठळक आहे. गावाची पहिली मराठी ओळख ही अशी झाली, त्याला इलाज नाही. पुढे १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर बऱ्हाणपूर आणि असीरगड मराठ्यांकडे आले आणि त्यांच्याबरोबर मोडी कागद आले. मोडी ही माझ्या मते आपल्याकडची पहिली इशाऱ्याची लिपी आहे. बोरू शक्यतो न उचलता एका हेलकाव्यात अक्षर, मात्रा आणि पुढचे अक्षर ओढायचे. ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब ठेवायचा नाही, हात थांबू द्यायचा नाही. कारकुनाच्या मनगटाने ठरवलेली ती लिपी होती. मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती २०१४ साली, पण ती लिहिण्यातला वेग त्या जागेत बसलेला नाही.

छापखान्याने हा हात प्रथम बांधला. शिशाचा खिळा चौकोनी असतो, त्याला फक्त शेजारी असतो. वर आणि खाली काय असावे हे तो स्वतः ठरवू शकत नाही. म्हणून मुंबईत गणपत कृष्णाजींनी आणि पुढे निर्णयसागरच्या जावजी दादाजींनी देखणे मराठी खिळे पाडले ते शेकडोंच्या संख्येने. मात्रेसह अक्षर वेगळे, जोडाक्षर वेगळे, अर्धे अक्षर वेगळे. इंग्रजी जुळाऱ्यापुढे एक जोडी केस असे, मराठी जुळारी खान्यांच्या भिंतींत उभा असे. टिळकांनी केसरीसाठी खिळ्यांची संख्या कमी करण्याचा खटाटोप केला. सावरकरांनी इ-उ यांची अक्षरेच काढून अि, अु असे लिहा म्हटले. १९५३ च्या लखनौच्या लिपिसुधार परिषदेने ऱ्हस्व वेलांटी उजवीकडे आणायचे ठरवले आणि काही वर्षांतच ते मागे घ्यावे लागले. या सगळ्या मोठ्या माणसांना दोष देण्याचा माझा हेतू नाही, त्यांच्यापुढची अडचण खरी होती. पण प्रत्येक वेळी यंत्र जागच्या जागी राहिले आणि वाकायला लिपीला सांगण्यात आले, एवढे नोंदवून ठेवू.

टंकलेखन यंत्राने हे आणखी आवळले. गोदरेजने १९५५ मध्ये पहिले भारतीय बनावटीचे यंत्र काढले. मराठी यंत्रांनी कचेऱ्यांची सोय केली, यात शंका नाही. पण सेहेचाळीसेक कळींत देवनागरी कोंबायची म्हणजे अक्षरांचे तुकडे करणे आले. काही कळा दाबल्या की गाडा पुढे सरकत नसे, त्या मात्रांच्या. ‘कि’ लिहायचा तर आधी वेलांटी मारायची आणि मग क. तोंडाने आपण क आधी म्हणतो, कानाला तो आधी ऐकू येतो, पण रेमिंग्टनच्या कळफलकावर बोट डोळ्याच्या क्रमाने चाले. ज्यांनी टंकलेखनाच्या परीक्षा दिल्या, त्यांच्या बोटांत हा उलटा क्रम आजही मुरलेला आहे.

आता जरा समुद्रापलीकडे जाऊ, कारण संगणक तिकडून आला. संगणकाशी बोलण्याचे पहिले साधन पडदा नव्हते आणि बोटही नव्हते. भोके पाडलेली पुठ्ठ्याची पत्ती हे ते साधन होते, आणि ती कल्पना मागावरून आलेली आहे. फ्रान्समध्ये जॅकार्डने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नक्षीच्या कापडासाठी जे पुठ्ठे वापरले, तोच वंश अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत हॉलेरिथच्या पत्त्यांपर्यंत आणि पुढे संगणकापर्यंत पोचला. मागांच्या गावाला हे मुद्दाम सांगायला हवे.

पडद्यावर हात पोचला तो १९६३ मध्ये. आयव्हन सदरलंड या तरुणाने प्रकाशलेखणी धरून काचेवर रेघ ओढली आणि यंत्राने ती सरळ करून दाखवली. १९६५ मध्ये इंग्लंडमधील जॉन्सन याने विमानवाहतुकीच्या नियंत्रणासाठी बोटाने स्पर्श करायचा पडदा वर्णन करून छापला. १९६८ च्या डिसेंबरात डग्लस एंगलबार्टने सॅन फ्रान्सिस्कोच्या सभागृहात माऊस चालवून दाखवला. १९८० मध्ये एमआयटीत रिचर्ड बोल्टच्या प्रयोगात माणूस भिंतीएवढ्या पडद्याकडे बोट दाखवून ‘ते तिथे ठेव’ म्हणे आणि यंत्र ठेवी. या सर्व प्रयोगांत हाताने दाखवणे, उचलणे, सरकवणे होते, लिहिणे मात्र कळफलकाकडेच राहिले. ज्यांच्या लिपीत सव्वीस सुटी अक्षरे एका रांगेत उभी राहतात, त्यांना ते पुरेसे होते. हाताने दाखवण्याचा आणि लिहिण्याचा प्रश्न त्यांच्याकडे वेगवेगळा आहे. आपल्याकडे तो एकच आहे, आणि माझे आजचे म्हणणे मुख्यतः हेच आहे.

संगणकाच्या पडद्यावर देवनागरी आणण्याचे काम आयआयटी कानपूरला सुरू झाले. आर. एम. के. सिन्हा आणि मोहन तांबे ही त्यातली प्रमुख नावे. १९८३ मध्ये दिल्लीच्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात तिथल्या यंत्राचे प्रात्यक्षिक झाले. पुढे १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाले आणि हे काम तिथे गेले. जिस्ट कार्ड नावाची एक पाटी संगणकाच्या पोटात बसवली की इंग्रजीसाठी लिहिलेल्या कार्यक्रमांतही मराठी दिसू लागे. त्या काळच्या पडद्यावर ८० रकाने आणि २५ ओळी असत, प्रत्येक अक्षराला ठराविक चौकट. पुन्हा खिळाच, फक्त प्रकाशाचा. त्या चौकटीत वर रफार आणि खाली उकार दाखवणे म्हणजे काय कसरत असेल, याची कल्पना करा.

पण तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे खरे मोठे काम पडद्यामागे आहे. त्यांनी ठरवले की यंत्राला अक्षराचे चित्र सांगायचे नाही, उच्चार सांगायचा. क, मग वेलांटी. यंत्राने स्वतः वेलांटी डावीकडे नेऊन लावावी. लिपीने वाकायचे नाही, यंत्राने वाकायचे, ही उलटापालट प्रथम इथे झाली. १९८६ मध्ये सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने इन्स्क्रिप्ट हा कळफलक प्रमाण केला. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने. क आणि ख एकाच कळीवर, ख साठी शिफ्ट. ग आणि घ तसेच, प-फ तसेच. ज्याला मुळाक्षरे येतात त्याला अर्धा कळफलक आधीच येतो. आणि या रचनेत ल च्या वर ळ आहे, र च्या वर ऱ आहे. ऱ ला हलंत लावून पुढे ह दिला की ‘ऱ्ह’ होतो. कुणीतरी बैठकीत बसून ही जागा राखून ठेवली म्हणून आपल्या गावाचे नाव छापता येते. १९९१ च्या आयएस १३१९४ या मानकात, म्हणजे इस्कीत, हीच अक्षरे गेली आणि युनिकोडने देवनागरीचा साचा इस्कीवरूनच घेतला.

इथे एक घोटाळा झाला, तो सांगितलाच पाहिजे. युनिकोडमध्ये हा आडवा र दोन रीतींनी लिहिता येतो. ऱ ला हलंत लावून, किंवा साध्या र ला हलंत लावून त्यापुढे एक न दिसणारे जोडचिन्ह ठेवून. दोन्ही पडद्यावर हुबेहूब सारखी दिसतात. यंत्राला मात्र ती दोन निरनिराळी नावे आहेत. म्हणजे एखाद्या यादीत ‘बऱ्हाणपूर’ एका रीतीने लिहिलेले असेल आणि तुम्ही दुसऱ्या रीतीने शोधाल, तर शोधणाऱ्या प्रणालीने दोन्हींची सांगड आधीच घातलेली नसल्यास उत्तर येईल की असे गाव नाही. डोळ्यांना दिसणारे आणि यंत्राला कळणारे यांत फट पडते ती अशी.

दिसण्याचाही स्वतंत्र इतिहास आहे. र. कृ. जोशी हे सुलेखनकार, मुंबईच्या आयआयटीतल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकवलेले. त्यांनी आखलेला ‘मंगल’ हा टंक विंडोज २००० बरोबर जगभर गेला. आपल्यापैकी ज्यांनी संगणकावर पहिल्यांदा युनिकोड मराठी पाहिली त्यांनी ती बहुधा जोशींच्या अक्षरात पाहिली. त्याआधीच्या टंकांची गोष्ट वेगळी होती. एका कंपनीच्या टंकात जुळवलेला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर उघडला की इंग्रजी चिन्हांचा कचरा दिसे. कितीतरी नियतकालिकांचे अंक आज फायली असूनही वाचता येत नाहीत ते यामुळे. ल आणि श यांचेही तसेच. मराठी ल पाकळ्यांचा, हिंदी ल दांड्याचा. युनिकोडमध्ये अक्षर एकच, कोणते रूप दिसावे हे यंत्राची भाषा काय ठरवली आहे त्यावर आणि टंकात सोय आहे की नाही त्यावर. आपल्याकडच्या फोनवर भाषा हिंदी असते, म्हणून मराठी कवितेतही ल दांड्याचा उमटतो. याने अर्थ बिघडत नाही, पण आपल्या घरात आपलेच भांडे पाहुण्याच्या आकाराचे झाल्यासारखे वाटते.

मग भ्रमणध्वनी आला आणि वीस वर्षांचे काम काही काळ वाया गेले. बारा कळींवर मराठी लिहायला एकेक कळ तीनचारदा दाबावी लागे. त्यात संदेशाचा हिशेब असा की रोमन लिपीत १६० अक्षरे एका संदेशात बसत, देवनागरीचे एक चिन्ह आले की मर्यादा ७० वर येई. त्यातही काना-मात्रा वेगळे मोजले जात. ‘ऱ्हा’ या एका अक्षरात यंत्र चार चिन्हे मोजते. मराठी लिहिणे शब्दशः महाग होते. तरुणांनी रोमनमधून मराठी लिहायला सुरुवात केली ती आळसाने नव्हे, एवढे वडीलधाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

स्पर्शपडद्याने दार पुन्हा उघडले. २००७ च्या जानेवारीत ॲपलने आयफोन दाखवला. त्यातली अनेक बोटांची करामत वेस्टरमन आणि इलायस या दोघांच्या छोट्या कंपनीतून आलेली होती. कळी छापील राहिल्या नाहीत, पडद्यावर उमटू लागल्या. म्हणजे कळफलक आता गरजेप्रमाणे बदलू शकत होता. आपल्या लिपीला हेच हवे होते, पण आधीच्या पिढीच्या फोनांवर देवनागरीच्या जागी रिकाम्या चौकटी दिसत.

या दाराच्या आधीच एक प्रयोग बंगळूरला झाला होता. ह्युलेट-पॅकार्डच्या तिथल्या प्रयोगशाळेने एक पाटी केली. तिच्यावर व्यंजने छापलेली. लेखणी नुसती टेकवली की व्यंजन उमटे. त्याच व्यंजनावर लेखणीने काना किंवा वेलांटी काढली की अक्षर मात्रेसह उमटे. तिला नावच ‘जेश्चर कीबोर्ड’ होते, इशाऱ्यांचा कळफलक. धूळपाटीवर पंतोजी जसे अक्षर गिरवायला लावत, तसाच हा हात. बाजारात तो टिकला नाही, त्याची कारणे पुष्कळ असतील. मला एकच दिसते. तेवढ्यासाठी वेगळी वस्तू विकत घ्यावी लागे.

२०१३ मध्ये आयआयटी मुंबईच्या त्याच केंद्रातून ‘स्वरचक्र’ आले. प्राध्यापक अनिरुद्ध जोशी आणि त्यांचे विद्यार्थी याआधी ‘कीलेख’ नावाचा वर्णमालेच्या क्रमाचा कळफलक करून चुकले होते, त्याचा अनुभव इथे कामी आला. फोनवर फुकट उतरवता येणारी ही सोय. पडद्यावर क ख ग घ ङ, च छ ज झ ञ अशी शाळेच्या तक्त्यातली व्यंजने. क वर बोट ठेवले की बोटाभोवती एक चक्र फुलते आणि त्याच्या पाकळ्यांवर का, कि, की, कु अशी बाराखडी दिसते. बोट न उचलता हव्या त्या पाकळीकडे सरकवायचे आणि सोडायचे. पाय मोडायचा असेल तर ती पाकळी वेगळी असते. ती निवडली की सगळा कळफलक बदलतो आणि क शी जोडून होणारी जोडाक्षरे प्रत्येक कळीवर तयार दिसतात. हलंत म्हणजे काय हे ज्याने कधी ऐकले नाही, त्यालाही जोडाक्षर कसे होते ते समोर दिसते.

गोल यादी सरळ यादीपेक्षा लवकर हाताला येते, हे अमेरिकेत मेरिलंड विद्यापीठात १९८८ मध्ये मोजून दाखवले होते. टोरांटोच्या कुर्टेनबाख यांनी पुढे असेही दाखवले की सवय झाल्यावर माणूस चक्र उघडण्याची वाट पाहत नाही, दिशा लक्षात राहते आणि हात आपोआप फटकारा मारतो. म्हणजे शिकताना जे चक्र वाचावे लागते, तेच पुढे न पाहता लिहायची खूण होते. मोडी लिहिणाऱ्या कारकुनाचे हेच झाले होते. मला हा योगायोग वाटत नाही. आपली लिपी मुळात व्यंजन आणि त्याभोवतीचा हाताचा एक फटकारा अशीच घडलेली आहे. खिळ्याने आणि कळीने तिला सरळ रांगेत उभे केले होते. काचेवर फिरणाऱ्या बोटाने तिला पुन्हा गोल जागा दिली.

मग स्वरचक्र घराघरात का नाही? कारण फोनबरोबर जे आयते येते तेच वापरले जाते. आयते काय आले? रोमनमध्ये लिहा, आम्ही देवनागरी करून देतो. बोटाने पाटीवर लिहा, ही गूगलची २०१५ ची सोय चांगली होती, ८२ भाषांसाठी होती, देवनागरीसाठीही होती. पण मोठा मजकूर तिच्यावर कोण लिहिणार? आणि २०१७ पासून बोलून मराठी लिहिण्याची सोय आली. ती ज्यांचे हात थकले आहेत त्यांना वरदान आहे, हे मी माझ्या वयाच्या मंडळींत रोज पाहतो. पण आपली मराठी खानदेशी वळणाची, तिच्यात निमाडी आणि हिंदी मिसळलेली. यंत्र ज्या मराठीवर वाढले ती बहुधा आपली नाही. ते ऐकते आणि सुधारून लिहिते, आणि सुधारलेले आपण तसेच पाठवतो.

रोमनमधून लिहिण्याचा तोटा अधिक खोल आहे. ‘बी ए आर एच’ अशी अक्षरे दाबल्यावर यंत्र अंदाज करते. ते रफार देते, पूर्ण र देते, कधी बरोबरही देते. रोमनमध्ये ल आणि ळ एकच. काल आणि काळ यांतला फरक यंत्राच्या मर्जीवर. आपल्या भागातली मुले हिंदी माध्यमात शिकतात. ळ त्यांना शाळेच्या पुस्तकात भेटत नाही, घरात कानावर पडतो एवढेच. त्यांनी तो लिहिलेला पाहावा अशी एकच जागा उरली आहे, आणि ती म्हणजे फोन. तिथे ‘वेळ’ च्या जागी ‘वेल’ चालून गेला तर काही वर्षांनी कानही तडजोड करतो. भाषा बोलण्यात टिकेल, लिहिण्याचे सोडा, असे म्हणणारे मला भेटतात. सीमेवरच्या भाषांचा इतिहास मला तसे सांगत नाही.

सरकारी नियम या बाबतीत आपल्या बाजूने आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. आयएस १३३३३ नव्हे, आयएस १६३३३ या मानकाचा तिसरा भाग. २०१६ मध्ये काढलेल्या आदेशाने भारतात विकल्या जाणाऱ्या फोनांना तो लागू केला. बावीसही भाषा वाचता आल्या पाहिजेत आणि लिहिण्यासाठी इंग्रजी, हिंदी व आणखी एक भारतीय भाषा असली पाहिजे. ही ‘आणखी एक’ कोणती, हे नियमाने मोकळे ठेवले आहे. मध्य प्रदेशात विकल्या जाणाऱ्या फोनात ती मराठीच असेल असे कुणी गृहीत धरू नये.

आता पुढचे. काचेवरचे बोटही जाणार आणि हवेतला हात येणार, असे गेली पंधरा वर्षे सांगितले जात आहे. प्रणव मिस्त्री हा पालनपूरचा तरुण, मुंबईच्या त्याच आयआयटी केंद्रात शिकून एमआयटीत गेला. बोटांना रंगीत टोप्या, गळ्यात कॅमेरा आणि छोटा प्रक्षेपक, आणि कोणतीही भिंत पडदा. त्याने २००९ मध्ये म्हैसूरच्या सभेत हे दाखवले तेव्हा देशभर चर्चा झाली. २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टच्या किनेक्टने दिवाणखान्यात उड्या मारणाऱ्या मुलांचे हातपाय ओळखले. २०१९ मध्ये गूगलने फोनात रडार बसवले, हात वरून फिरवला की गाणे बदले. तो फोन भारतात विक्रीला आलाच नाही. त्याच्या रडारला ६० गिगाहर्ट्झच्या लहरी लागत आणि त्या वापरण्याची इथे परवानगी नव्हती. २०२४ मध्ये ॲपलचा चष्मा आला. नजर हव्या त्या वस्तूवर ठेवायची आणि दोन बोटे चिमटीसारखी जुळवायची.

हवेत हात धरून काम करण्याची एक जुनी अडचण आहे. इंजिनिअर तिला ‘गोरिलाचा हात’ म्हणतात. पाच मिनिटांत खांदा भरून येतो. म्हणून हल्लीचे प्रयोग हात मांडीवर ठेवून करायचे आहेत. अंगठा त्याच हाताच्या तर्जनीवर टेकवायचा आणि कुठे टेकवला त्यावरून अक्षर ओळखायचे, असा एक प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तो इंग्रजी अक्षरांचा होता.

हा प्रयोग वाचला तेव्हा मला जपाची आठवण झाली. माळ नसली की आपल्या आज्या अंगठा पेरांवरून फिरवून मोजत. अंगठा सोडून चार बोटे, प्रत्येकाला तीन पेरे, एकूण बारा. आणि बाराखडीतही बाराच. तर्जनीवर अ आ इ, मधल्या बोटावर ई उ ऊ, अनामिकेवर ए ऐ ओ, करंगळीवर औ अं अः. उजव्या हाताने स्वर, डाव्याने व्यंजनांचे वर्ग. पाच वर्ग आणि डाव्या हाताची पाच बोटे. चष्म्यातून दिसणाऱ्या पडद्यावर असे लिहिता यावे, यात मला अशक्य काही दिसत नाही. ज्यांना हे काम येते त्यांनी करून पाहावे. मी माझ्यापुरते तळहातावर वर्ग मांडून पाहिले. य, व, श, ष, स, ह यांची सोय लागते, ळ ही ल च्या शेजारी बसतो. ऱ ला कुठे बसवावे ते अजून सुचलेले नाही. श्रोत्यांपैकी कुणाला सुचले तर सभा संपल्यावर सांगावे, मी थांबणार आहे.